संशयित क्र. १

आमच्या घरात पहिला गोंधळ घातला तो ‘जिंजर बीअर’ या दोन शब्दांनी.

१९८६ चा मे महिना. नौपाड्यातली आमची दुमजली चाळ, दुपारचे अडीच. गॅलरीत सतरंजी अंथरलेली, तिच्यावर आम्ही चार पोरं आणि मधोमध मामेभाऊ. दादा इंग्रजी शाळेत जायचा, म्हणून सुट्टीत आमच्याकडे आला की त्याला वेगळाच मान असे. एनिड ब्लायटन या इंग्रज लेखिकेचं ‘फेमस फाइव्ह’, म्हणजे चार मुलं आणि एक कुत्रा यांच्या साहसांचं पुस्तक, मांडीवर उघडून तो एकेक परिच्छेद मनात वाचायचा आणि मग आम्हाला मराठीत सांगायचा. “मग त्यांनी टोपली उघडली, सँडविच खाल्ले आणि वर थंडगार जिंजर बीअर प्यायले.” आत तांदूळ निवडत बसलेली आई सूप हातात घेऊनच बाहेर आली. “बीअर? एवढीएवढी पोरं?”

“आल्याचं सरबत गं, आत्या!” दादाने वेळ मारून नेली.

तेव्हापासून आमच्या ब्लायटनबाईंवर दादाची सेन्सॉरशिप सुरू झाली. स्कोन म्हणजे शंकरपाळे. अंकल क्वेंटिन म्हणजे तिरसट काका. काही अडलं की दादा क्षणभर थांबायचा, डोळे बारीक करायचा आणि ठाण्यात सापडेल अशी वस्तू तिथे बसवायचा. इतका सहज भाषांतर करणारा माणूस मी पुढे फारसा पाहिला नाही. त्यातलं एक भाषांतर चाळीला चांगलंच महागात पडणार होतं. चाळीला म्हणजे खरं तर दुसऱ्याच कुणाला, पण त्याकडे येतेच.

मंडळ स्थापन झालं. दादा अर्थातच ज्युलियन. शेजारचा मुलगा डिक. समोरच्या खोलीतल्या मुलीचा उवांमुळे नुकताच बॉयकट झाला होता, त्यामुळे मुलासारखी राहणारी जॉर्ज तिच्याकडे गेली, आणि त्यावर कुणाला बोलायलाही जागा नव्हती. सर्वांत धाकट्याला कुत्र्याचं काम सांगितलं तेव्हा तो रडला. मग गल्लीतल्या एका खऱ्या कुत्र्याला टिम्या नाव देऊन त्या पोराला त्याचा मालक केलं. टिम्याला भाकरी चालत नसे, खारी लागायची. उरली अ‍ॅन. ती माझ्या वाट्याला आली.

ज्यांनी ती पुस्तकं वाचलीत त्यांना अ‍ॅन म्हणजे काय ते ठाऊक आहे. एका गोष्टीत ही मुलं घर सोडून बेटावरच्या गुहेत राहायला जातात, आणि इतर तिघं साहसाच्या तयारीत असताना अ‍ॅन गुहेतल्या खडकाच्या फळीवर खाण्याचे डबे नीट लावते. तिला ते मनापासून आवडतं, असं बाई पुन्हा पुन्हा सांगतात. आमची गुहा जिन्याखाली होती. ती मी झाडायची, पाण्याची बाटली भरायची, शंकरपाळे मोजून वाटायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरीही पानं घ्यायचं काम माझंच होतं, भावाचं नव्हतं. पुस्तक आणि घर यांचं इतकं एकमत झाल्यावर मुलीने शंका काढायची कुठून? तेवढं एक जास्तीचं काम मात्र दादाने मला दिलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून मंडळाची वही मी लिहायची.

आता साहस हवं होतं आणि ठाणं काही केल्या ते देत नव्हतं. किल्ला होता, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. पण इंग्रजांनी त्याचा तुरुंग करून टाकलेला, त्यामुळे आत जायचं तर आधी गुन्हा करावा लागला असता. मासुंदा तलावात बेट शोधावं तर काठावर सगळं गाव भेळ खात बसलेलं. येऊरच्या जंगलात जायला बंदी. चेंदणीच्या कोळीवाड्याकडे एकदा तस्कर शोधायला गेलो. तिथे वाळत घातलेल्या बोंबलांत टिम्याने तोंड घातलं आणि एका कोळणीने आम्हाला ज्या भाषेत पिटाळलं तिचं भाषांतर दादालाही करता आलं नसतं.

मराठीत साहसं नव्हती असं नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मला ज्युलियनपेक्षा कितीतरी जवळचा होता. फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, सायकल, आणि ते ‘ट्टॉक्’. पण फेणे एकटाच. पाच जणांनी मिळून एक फेणे होता येत नाही. शिवाय वाचनालयातून येणाऱ्या, कव्हर फाटलेल्या पातळ पुस्तकांचा एक गठ्ठा असे. त्यांची नावं गेली, त्यातले दुष्ट तेवढे राहिले: काळाकभिन्न, राकट, डोळे तांबारलेले, गालावर व्रण, अंगात आडव्या पट्ट्यांचा गंजीफ्रॉक. नायक गोरापान, नाक तरतरीत. नाकाच्या सरळपणावरून माणसाचा सरळपणा ओळखायचा, हे मी सहामाहीच्या परीक्षेआधीच शिकले होते. आणि मी स्वतः? घरात मला ‘सावळी पण तरतरीत’ म्हणत. तो ‘पण’ मला तेव्हा ऐकू येत नव्हता.

मग एका दुपारी दादाच्या पुस्तकात जिप्सी आले. रंगीत गाड्यांतून येणारे, कुत्र्यांना मारणारे, मळकट कपड्यांतले, चाकू बाळगणारे. दादा थांबला. डोळे बारीक केले. “जिप्सी म्हणजे रे... पारधी. ते नाही का, गावोगाव फिरतात, चोऱ्या करतात.”

कुणी विचारलंही नाही की तुला कसं माहीत. आजीच्या तोंडी तो शब्द रोज असायचा. उशिरा घरी येणाऱ्याला ती ‘पारध्यासारखा कुठे हिंडत होतास’ म्हणायची. मी वहीत लिहून घेतलं: जिप्सी = पारधी.

आणि आमच्या चाळीत गावोगाव फिरणारी एकच व्यक्ती नियमित यायची. टाकीवाली.

मिक्सर घरोघर यायच्या आधी पाट्याला टाकी लावून घ्यावी लागे, हे आजच्या कुणाला सांगायचं तर दोन्ही शब्दांपासून सुरुवात करावी लागेल. रोजच्या वाटणाने पाटा गुळगुळीत होतो, मग खोबरं नुसतं सरकतं, वाटलं जात नाही. म्हणून वर्षातून एकदोनदा ती यायची. “टाकी लावाऽऽयचीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ” अशी हाक आधी यायची, मग ती. पाठीला फडक्यात बांधलेलं पोर, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, हातात छिन्नी-हातोडी. चाळीच्या चौकात बसून दोन्ही पावलांत पाटा धरायची आणि एका कडेपासून ठिपके पाडत निघायची. टक्-टक्-टक्. एक ओळ झाली की हाताने भुकटी झटकायची, फुंकर मारायची, दुसरी ओळ. कपची उडायची तेव्हा पापण्या मिटायच्या पण हात थांबायचा नाही. शेवटी मधोमध चार पाकळ्यांचं एक फूल काढायची. कुणी सांगितलेलं नसे, त्याचे वेगळे पैसेही नसत. पाटा धुऊन झाला की पहिलं वाटण फेकून द्यायचं, कच येते म्हणून. पैशांबरोबर तिला चहा मिळायचा. त्यासाठी जिन्यापाशी कोनाड्यात कान तुटलेला एक कप ठेवलेला होता. तो कप घरात कधी आला नाही.

ती वडार होती, पारधी नव्हती. आम्हाला फरक माहीत नव्हता. माहीत असता तरी वहीत त्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

नोंद मला आजही शब्दशः आठवते, कारण शुद्धलेखनाची एकही चूक झाली नाही याचा मला अभिमान वाटला होता. ‘संशयित क्र. १. बाई. रंग काळा. उंच. कपाळावर खूण. पाठीवर पोर (खरे असावे). २.४० ला आली, ३.३५ ला गेली. जाताना मागे वळून पाहिले.’

त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची चांदीची वाटी सापडेना.

आम्ही वही दाखवली. मोठ्या माणसांनी आमचं लिखाण इतक्या गांभीर्याने वाचण्याची ती पहिली वेळ. “पोरं हुशार आहेत हो,” कुणीतरी म्हणालं. ब्लायटनच्या गोष्टीच्या शेवटी इन्स्पेक्टर मुलांची पाठ थोपटतो ना, अगदी तसं. चाळीतले दोन काका रुळांपलीकडे कोपरीच्या बाजूला निघाले, तिथे मोकळ्या जागेत त्यांची पालं होती. ओळख पटवायला म्हणून दादाला आणि मला बरोबर घेतलं. मी वही घेतली होती.

पालापुढे चूल पेटलेली होती. काकांनी काही न विचारता गाठोडं सोडलं. दोन लुगडी निघाली, एक झबलं, फडक्यात गुंडाळलेल्या सहा-सात छिन्न्या, मिठाची पुडी. एका काकांनी पायाने पातेलं कलंडवून पाहिलं, त्यात कण्या शिजत होत्या. ती बाई काही बोलली नाही. तिचा नवरा मात्र “साहेब, साहेब” एवढंच म्हणत होता. बाजूला माझ्याएवढा एक मुलगा उभा होता. सगळ्यांचं लक्ष गाठोड्याकडे, आणि तो एकटा माझ्या हातातल्या वहीकडे बघत होता.

वाटी मिळाली नाही. “विकली असेल,” काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ती तांदळाच्या डब्यात सापडली. मापाची वाटी हाताशी नव्हती म्हणून काकूंनीच घेतली होती. चाळभर हशा झाला, काकूंनी देवापुढे पेढे ठेवले, आम्हालाही एकेक मिळाला. दादाने वहीत लिहायला सांगितलं, ‘केस सुटली.’ मी लिहिलं. कोपरीला कुणी गेलं नाही.

टाकीवाली पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. आईचा पाटा हळूहळू गुळगुळीत होत गेला. पुढच्या दिवाळीत बाबांनी मिक्सर आणला आणि प्रश्न मिटला.

खूप वर्षांनी ती पुस्तकं मी इंग्रजीतून, स्वतः वाचली. तोवर लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचून झालं होतं आणि ‘पोलीस येऊन झोपडी उलटीपालटी करतात’ हे वाक्य आतल्या बाजूने कसं दिसतं ते कळलं होतं. या वेळी ब्लायटनमध्ये वेगळीच माणसं दिसायला लागली. जो नावाची एक मुलगी आहे, भटकी, अनवाणी, केस पिंजारलेले. १९५० च्या एका गोष्टीत ती जीव धोक्यात घालून या चौघांना मदत करते. गोष्ट संपते तेव्हा तिचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. मोठं घर आहे, जॉर्जची आई फॅनी काकू प्रेमळ आहेत. पण जोला घर मिळतं ते स्वयंपाकीणबाईंच्या नात्यातल्या एका बाईंकडे. पाहुणी म्हणून बंगल्यात, मुलगी म्हणून नाही. मी ते पान दोनदा वाचलं. मला कान तुटलेला कप आठवला.

‘त्या काळी तसंच होतं’ असं म्हणून ही पुस्तकं सोडून द्यायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. १९६० मध्ये ब्लायटनचं एक हस्तलिखित मॅकमिलन या प्रकाशनाने परत पाठवलं. त्यांच्या वाचकाच्या अहवालातला एक आक्षेप असा होता, की चोर परदेशी आहेत एवढंच त्यांच्या चोर असण्याचं कारण लेखिकेला पुरेसं वाटतं. १९६० मध्ये! म्हणजे त्या काळातही दिसणाऱ्याला दिसत होतं. आणि जो वडार कोपरीत “साहेब, साहेब” म्हणत होता, त्याला काळ बदलण्याची वाट पाहावी लागली नव्हती, त्याला आधीपासूनच कळत होतं.

२०१० मध्ये प्रकाशकांनी ‘फेमस फाइव्ह’ची भाषा बदलली. ‘डर्टी टिंकर’च्या जागी ‘ट्रॅव्हलर’ घातलं. सहा वर्षांनी वाचकांना ते रुचत नाही म्हणून जुनी भाषा परत आणली. टिंकर म्हणजे फिरून भांडी सांधणारा, आपल्याकडचा कल्हईवालाच म्हणा. शब्द बदलून काय होणार होतं? पानावर त्याला प्रवासी म्हटलं तरी सहाव्या प्रकरणात संशय त्याच्यावरच येतो. आमच्या दादाने ‘जिप्सी’च्या जागी ‘मंडळी’ घातलं असतं तरी ती मंडळी आम्ही शोधून काढलीच असती. उलट रोआल्ड डालच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’तले ते बुटके कामगार १९६४ च्या आवृत्तीत आफ्रिकेतून आणलेले होते, ते १९७३ मध्ये बदलले. ते मला योग्य वाटतं, कारण तिथे नुसता शब्द बदलला नाही, माणसंच बदलली. या बाबतीत माझं मत सरळ रेषेत जात नाही, आणि मी ते ओढूनताणून सरळ करणार नाही.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचं काय करायचं, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘ऐंशी दिवसांत जगाची फेरी’ मी कॉलेजात असताना पूर्ण वाचली ती एका ओळीसाठी. मुंबईहून निघालेली आगगाडी साष्टी ओलांडून ‘तन्ना’समोर मुख्य भूमीवर उतरते, असं त्यात लिहिलंय. तन्ना म्हणजे आमचं ठाणं! १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, तिथून कादंबरीचा नायक फिलियस फॉग १८७२ मध्ये खिडकीबाहेर न बघता पुढे गेला. मी तरीही त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. पुढे बुंदेलखंडात सती जाणाऱ्या औदाला वाचवतात. ती मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी, आणि व्हर्न लगेच सांगून टाकतो की ती युरोपियनांसारखी गोरी होती. म्हणजे वाचवायला हरकत नाही. हे मी हसून कुणाला सांगायला गेले असते, पण आमच्या वाचनालयातल्या नायिका काही वेगळ्या रंगाच्या नव्हत्या.

आणि याच व्हर्नने दोनच वर्षांनी त्याच्या पाणबुडीवाला कॅप्टन निमो मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला, असं लिहून ठेवलं. साहसकथेतला सर्वांत बुद्धिमान, सर्वांत दुखावलेला माणूस आपला निघाला. एकाच लेखणीतून हे दोन्ही कसं आलं? मला माझी वही आठवते. तिच्यातही टाकीवालीच्या नोंदीच्या मागच्या पानावर मी तिने काढलेलं फूल उतरवून घेतलं होतं, छान दिसत होतं म्हणून.

फॉग ठाण्यावरून गेला त्याच्या आदल्याच वर्षी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. माणूस कोणत्या जमातीत जन्मला यावरून तो चोर ठरवायची सरकारी सोय. तो १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्रात विमुक्तांच्या यादीत पारधी आहेत आणि वडारही. आमची वही त्यानंतर चौतीस वर्षांनी लिहिली गेली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त हसू आणि सर्वांत जास्त लाज कशाची आली असेल, तर जिप्सींच्या भाषेची. रोमानी ही मूळची आपल्याच कुळातली. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी इकडूनच गेले. कानाला ते कान म्हणतात, नाकाला नाख, केसांना बाल, पाण्याला पानी. सुरीला छुरी. म्हणजे त्या इंग्लंडातल्या माळरानावर जो चाकूवाला जिप्सी होता, त्याला तहान लागली तर त्याचं मागणं ज्युलियनला समजलं नसतं, जिन्याखाली बसलेल्या आम्हाला समजलं असतं. आणि आम्ही ज्युलियनच्या बाजूला उभे होतो.

माझी भाची घोडबंदर रोडला सत्तावीस मजली इमारतीत राहते. दहा वर्षांची आहे, साहसकथांचं वेड आहे, मीच वाचून दाखवते. काही गाळत नाही. मध्येच थांबते मात्र, दादासारखी. ती वैतागते, “मावशी, तू वाच ना, लेक्चर नको.” परवा जोचं ते शेवटचं पान वाचून झाल्यावर ती सहज म्हणाली, “मग आपल्या ताई कुठे राहतात?” ताई म्हणजे त्यांच्याकडे स्वयंपाकाला येतात त्या. बहिणीला माहीत नव्हतं. “बाळकूमकडे कुठेतरी,” ती म्हणाली.

त्या इमारतीच्या गेटवर कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो आणि फोन नंबर नोंदवलेला असतो, जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात सीसीटीव्हीतलं एक चित्र आलं होतं. खाली लिहिलं होतं: ‘संशयास्पद व्यक्ती. सावळा, मळके कपडे, हातात पिशवी. ३.१० ला आत, ३.२५ ला बाहेर. कृपया ओळख पटल्यास कळवा.’ खाली पंधरा-सोळा अंगठे. तो पहिल्या मजल्यावरच्यांचा प्लंबर निघाला. पुढचा मेसेज ‘ओके, थँक्स’. लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन अगदी चोख होतं.

नौपाड्याची चाळ आता पुनर्विकासाला गेली. मार्चअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या. आईची भांडी, बाबांचं कपाट, सगळ्याला कुणी ना कुणी मिळालं. मोरीच्या कोपऱ्यात पाटा उरला. तो उचलायला दोन माणसं लागतात. टेम्पोवाल्याने विचारलं, “हा दगड पण?”

मी त्याच रात्री दादाला फोन लावला. तो न्यू जर्सीत असतो, तिकडे सकाळ होती. पाटा म्हटल्यावर त्याला एकदम सगळं आठवलं: गुहा, टिम्या, टिम्याची खारी, कोळणीच्या शिव्या, आईचं ‘बीअर?’. आम्ही पोट धरून हसलो.

“आणि काकूंची वाटी?” मी विचारलं.

“कुठली वाटी?”

“चांदीची. कोपरीला गेलो होतो बघ आपण.”

तो जरा वेळ गप्प राहिला. खरंच आठवून बघत होता. “नाही गं,” म्हणाला. “तूच लिहायचीस ना सगळं.”

पाटा आणलाय मी. बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवलाय. मधलं फूल झिजून गेलंय, पण कडेला जिथे वरवंटा पोचत नसे तिथे बोट फिरवलं की तिच्या टाकीचे आठ-दहा ठिपके अजून लागतात.